बारावी खुर्ची

मागच्या वर्षीच्या झावळ्या परत द्यायची वेळ आली की आमचा उन्हाळा सुरू होतो. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली पात वर्षभर घरातल्या क्रूसामागे खोचलेली असते. ती वाळते, पिवळी पडते, तिच्यामागे पाल लपते. उपवासकाळ तोंडावर आला की चर्चच्या दाराशी एक खोकं ठेवतात. सगळ्यांनी आपापली पात त्यात टाकायची, मग ती जाळायची आणि तिचीच राख बुधवारी कपाळावर लावून घ्यायची. विश्रांतवाडीतल्या आमच्या पत्र्याच्या छपराच्या चर्चमध्ये यंदाही खोकं ठेवलं होतं. मी यंदाही माझी पात दिली नाही.

राख मात्र लावून घेतली. सवयीने रांगेत उभी राहिले, पुढच्या बाईच्या पदराला धक्का लागू नये इतकं अंतर ठेवून पुढे सरकत गेले, फादरांचा अंगठा कपाळाला लागला, आणि मी बाहेर आले. बाहेर कडुनिंबाची पानं गळत होती आणि रस्त्यावर उसाच्या रसाची गाडी लागली होती. सगळं वेळच्या वेळी चाललेलं पाहून मला राग आला. हल्ली मला असाच कशाचाही राग येतो.

त्याच संध्याकाळी मार्टिनचा फोन आला. मार्टिन म्हणजे आमच्या चर्चमध्ये वेदीची सगळी तयारी बघणारा माणूस. मेणबत्त्यांपासून खुर्च्यांपर्यंत सगळं त्याच्याकडे.

"काकू, पवित्र गुरुवारच्या बारा जणांत यंदा तुमचं नाव घालतोय. काकांच्या जागी."

"बघते," मी म्हटलं.

"बघते म्हणजे हो ना?"

"बघते म्हणजे बघते."

ज्यांना आमचा पवित्र गुरुवार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूने कमरेला पंचा बांधला आणि आपल्या बारा शिष्यांचे पाय स्वतः धुतले. त्या काळी ते घरगड्याचं काम होतं. म्हणून दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात, मंडळीतले बारा जण तिथे बसतात, आणि फादर गुडघ्यांवर येऊन प्रत्येकाचा उजवा पाय धुतात आणि पुसतात. पूर्वी बारा पुरुषच असायचे, आता बायकाही असतात.

आता यातली गंमत अशी, की धुतले जाणारे ते पाय मुळात घाण नसतातच. आदल्या दिवशी बारा घरांत मोरीत वज्री फिरत असते. टाचा घासायच्या, नखं कापायची, बोटांच्या बेचक्यांत पावडर घालायची, नवे मोजे काढून ठेवायचे. फादरांसमोर काळा पाय पुढे करायचा म्हणजे शोभेल का! आमचे हे तर यात सर्वांच्या पुढे होते. हे शहरातल्या बसमध्ये कंडक्टर होते, जन्मभर उभ्याने नोकरी केलेली, त्यामुळे टाचांना इतक्या भेगा की चिमूटभर माती त्यात सहज राहावी. बुधवारी संध्याकाळी मोरीत पाट टाकून बसायचे आणि तासभर घासायचे.

"अहो, उद्या फादरांना काम तरी ठेवा," मी म्हणायची.

"तू गप गं. त्यांना किळस यायला नको."

"मग ते पाय धुणं कसलं?"

यावर ते वज्री आणखी जोरात चालवायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं आणि मला त्यात काही खटकलंही नाही. आम्ही सगळेच देवाकडे घासूनपुसून जाणारी माणसं.

बसायचे मात्र ते नेहमी बाराव्या खुर्चीवर. ती अगदी कडेची, पंख्याचा वारा जिथे पोचत नाही अशी. त्या खुर्चीवर बसायला कोणी तयार नसायचं, कारण संडे स्कूलची मुलं तिला यूदाची खुर्ची म्हणायची. पैशांसाठी प्रभूला पकडून देणारा तो बारावा. मुलांचं काय, त्यांना तेवढंच पुरतं. मोठी माणसंही हसण्यावारी न्यायची, पण सगळे आधी बाकीच्या अकरा खुर्च्या भरून घ्यायचे. ह्यांनी पहिल्याच वर्षी जाऊन ती खुर्ची पकडली आणि पुढे ती त्यांचीच झाली. घरी आल्यावर मी चिडले होते. म्हटलं, लोकांना आयता विषय दिलात. ते म्हणाले, "त्याचेपण पाय धुतलेच होते की गं. ताटावरून उठवला नव्हता त्याला." एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

मी जो उन्हाळा सांगायला बसले आहे तो दोन वर्षांपूर्वीचा. नाताळात घेतलेली नवी चप्पल चावली, एवढंच निमित्त. साखरेने बधिर झालेला पाय, त्यांना काही कळलंच नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम झाली होती. उजवाच पाय. फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं, रोज ड्रेसिंग करा, साखर आटोक्यात ठेवा, पाय वाचेल असं धरून चालू. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. हे एकच विचारायचे, "गुरुवारपर्यंत होईल ना बरा?" कामावर जायचं नव्हतं, प्रवासाला जायचं नव्हतं, नातवंडांमागे धावायचं नव्हतं, कारण आम्हाला मूल झालं नाही. त्यांना पाय हवा होता तो खुर्चीवर बसून फादरांसमोर धरण्यासाठी. मी उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी देवाला म्हटलं, दुसरं काही मागत नाही, एवढा पाय राहू दे.

ड्रेसिंगला इस्माईलभाई यायचे. सकाळी एका दवाखान्यात काम, दुपारनंतर स्कूटरवरून घरोघरच्या जखमा. भवानी पेठेत त्यांच्या कित्येक पिढ्या गेलेल्या, मराठी माझ्यापेक्षा कडक आणि स्वभाव त्याहून कडक. दारात पाऊल टाकायचे तेच मुळी तक्रार करत.

"बाई, तुमच्या विश्रांतवाडीला यायचं म्हणजे व्हिसा काढावा लागेल आता. आळंदी रोडवर पाऊण तास उभा होतो."

मी शाळेत शिकवायची हे कळल्यापासून मला बाई म्हणायचे. ह्यांना साळवेसाहेब. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर आमचा निळा प्लास्टिकचा टब, त्यात औषधाचं कोमट पाणी. ह्यांनी खुर्चीत बसायचं आणि इस्माईलभाईंनी खाली मांडी घालून तो पाय हातात घ्यायचा. जुनी पट्टी सुटली की घरभर वास सुटायचा. मी बायको असून पदर नाकाशी न्यायची. इस्माईलभाई मात्र चष्मा नाकावर घेऊन वाकायचे आणि क्रिकेटचं काहीतरी बोलत राहायचे. काल अमुक कसा बाद झाला, तमुक कसा मूर्ख आहे. ह्यांना पाय दुखत नव्हता, पण बघवत नव्हता. ते छताकडे बघत हूं हूं करायचे.

मग त्यांचे रोजे सुरू झाले. त्या वर्षी आमचा उपवासकाळ आणि त्यांचा रमजान एकमेकांत मिसळून चालले होते. मला लक्षातच राहायचं नाही, रोज मी पाण्याचा तांब्या पुढे करायची.

"रोजा आहे, बाई."

"अगबाई, हो की. आमचाही उपवासच चाललाय म्हणा."

"तुमच्यात काय सोडतात?"

"मटण. आणि मी चहा सोडलाय."

"तुमचा उपवास सोयीचा आहे," असं म्हणून त्यांनी कापूस पिळला. ओठ सुकलेले, बाहेर रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला तरी मान वर झाली. मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला होता.

मार्चच्या मध्याला ते एकदा म्हणाले, "लाल मांस दिसतंय. पाय वाचतोय साहेब, तुम्ही गुरुवारी बसताय खुर्चीवर." हे इतके खूश झाले की त्यांनी वज्री कुठे आहे विचारलं. मी खिडकीत जाऊन देवाचे आभार मानले. माझे आभार आणि इस्माईलभाईंचा अंदाज, दोन्ही चुकले. झावळ्यांच्या रविवारी मी चर्चमधून पात घेऊन आले, ह्यांनी पलंगावर बसून तिकीट फाडून फाडून निबर झालेल्या बोटांनी तिचा नेटका क्रूस वळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा काळा झाला. काळेपणा दुपारपर्यंत घोट्याकडे सरकला. डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. बुधवारी सकाळी गुडघ्याखालून पाय काढला.

एक दिवस. फक्त एक दिवस आधी. देवाला हिशोब कळत नाही असं कसं म्हणू? त्यालाच तर कॅलेंडर सगळ्यात जास्त माहीत.

गुरुवारी संध्याकाळी मी सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात स्टुलावर बसले होते. खिडकीला जाळी, जाळीत कबुतराची पिसं, पलीकडच्या खाटेवर कोणीतरी एकसारखं कण्हत होतं. ह्यांना औषधांची गुंगी होती. चादर डाव्या बाजूला पायाच्या आकाराची वर उठलेली आणि उजव्या बाजूला मध्येच सपाट. माझी नजर तिथून हलत नव्हती. आता चर्चमध्ये घंटा वाजली असेल, आता फादरांनी वरचा झगा उतरवला असेल, असं मनात येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी कबुतराची पिसं बघत होते.

तेवढ्यात इस्माईलभाई आले. हातात नेहमीची ड्रेसिंगची पिशवी. ऑपरेशन झाल्याचं मी त्यांना कळवलं होतं, तरी पिशवी आणली होती. त्यांच्याही ते उशिरा लक्षात आलं असावं, कारण त्यांनी ती पाठीमागे धरली. सपाट चादरीकडे एकदा पाहिलं आणि बाहेर गेले. दूरच्या मशिदीतली अजान ऐकू आली. दारातून मला दिसत होतं, व्हरांड्यात भिंतीला टेकून त्यांनी एक खजूर खाल्ला, बाटलीतलं पाणी प्यायले, तोंड पुसलं. मग आत आले.

"दुसरा पाय बघू," ते म्हणाले.

"त्याला काय झालंय?" मी विचारलं.

"काही होऊ नये म्हणून. आता एवढाच सांभाळायचाय."

त्यांनी खाटेखालचा टब ओढला, नळावरून पाणी आणलं, खाटेच्या पायथ्याशी रबराचा कपडा अंथरला. तिथे दुसरं स्टूल नव्हतं म्हणून फरशीवर गुडघे टेकले. ती फरशी कशी होती ते सरकारी रुग्णालयात राहिलेल्यांना सांगायला नको. डावा पाय हातावर घेऊन ते ओंजळीने त्यावर पाणी सोडू लागले. पाण्याने हे जरा जागे झाले.

"कोण आहे?"

"इस्माईल."

"आज गुरुवार का?"

"गुरुवार."

ह्यांनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. ओशाळून म्हणाले, "टाचा घाण आहेत हो. घासायच्या राहिल्या."

"त्यासाठीच तर धुतोय," इस्माईलभाई म्हणाले, आणि पाय पुन्हा पुढे ओढून घेतला.

त्या टाचेच्या भेगांत खरंच माती होती. पाणी हळूहळू मळकट झालं. ते बोटांच्या बेचक्यांतून कापूस फिरवत होते आणि त्या दिवशी क्रिकेटचं काहीही बोलले नाहीत. अंदाज चुकल्याचं त्यांना लागलं होतं, ते मला त्यांच्या वाकलेल्या मानेकडे पाहून कळत होतं. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला आणि पाय पुसला.

मी देव पाहिला असं मी म्हणणार नाही. पुष्कळ लोक म्हणतात, साक्ष देतात, टाळ्या मिळवतात. मी एवढंच म्हणते की जन्मभर गुरुवारी पुढच्या बाकावर बसून मी जे पाहत आले होते, त्याचा अर्थ मला त्या टबातल्या मळक्या पाण्याने सांगितला. घाण पाय आणि गुडघ्यांवर आलेला माणूस. त्या खोलीत ते दोन्ही होते, आणि माझ्या चर्चमध्ये बारा घासलेले पाय होते. पण कळून काय झालं? कापलेला पाय परत आला नाही. अर्थ कळला की दुःख हलकं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या स्टुलावर बसून बघावं.

नंतर मार्टिनने सांगितलं, त्या गुरुवारी अकराच खुर्च्या मांडल्या होत्या.

शुक्रवारी वॉर्डातल्या मावशीने विचारलं, "पाय नेणार का तुम्ही, की आम्हीच काय ते करू?" मला प्रश्नच कळला नाही. कोणी कोणाला हे शिकवत नाही. इस्माईलभाई म्हणाले, आमच्यात पुरतात. फादरांना विचारलं, ते म्हणाले, आपल्यातही पुरावा. शनिवारी मी आणि इस्माईलभाई तो घेऊन रिक्षातून निघालो. हिरव्या कापडात गुंडाळलेला, माझ्या मांडीवर आडवा. रिक्षावाला म्हणाला, "ताई, सामान मागे टाका की." मी म्हटलं, "सामान नाही." त्याने आरशातून पाहिलं आणि पुढे वाघोलीपासूनच्या ट्रॅफिकबद्दल बोलत राहिला.

कबरस्तानात सासूबाईंच्या कबरीच्या पायथ्याशी जागा दाखवली. खणणाऱ्याने माझ्या हातातल्या गाठोड्याची लांबी नजरेने मोजली आणि आवाज खाली आणून विचारलं, "लहान मूल का?"

इस्माईलभाईंनी नकारार्थी मान हलवली. मीच सांगितलं, "नाही. पाय आहे." आम्हाला मूल झालं नाही हे त्याला कुठून माहीत असणार. त्याने खड्डा मात्र मुलासाठी खणतात तसा हळुवार खणला, तळाची ढेकळं हाताने फोडली. ऊन असं होतं की मातीला हात लावला तर भाजत होतं. पवित्र शनिवार हा आमच्याकडे देवही जमिनीत असण्याचा दिवस, त्या दिवशी वेदी उघडीबोडकी असते, दिवा विझलेला असतो, काही म्हणजे काही होत नाही. मला तो दिवस त्याआधी कधी समजला नव्हता. तो गेला आणि मग ईस्टर आला, असं सगळे म्हणतात. माझा तो अजून गेलेला नाही.

हे मे महिन्यात गेले. जखमेतलं विष रक्तात उतरलं होतं. त्याच जागी मोठा खड्डा खणला. खणणारा तोच होता, तो मला ओळखून बाजूला उभा राहिला. उरलेल्या पट्ट्या, कापूस, मलमाच्या नळ्या मी पिशवीत भरून इस्माईलभाईंना दिल्या, दुसऱ्या कोणाला होतील म्हणून. ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. "बाई, मी म्हटलं होतं वाचतोय," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

तेव्हापासून मी प्रार्थनेला बसते आणि काही येत नाही. शब्द येतात, पाठ आहेत ते. पलीकडे कोणी असल्यासारखं वाटत नाही. यूदाने प्रभूला पकडून दिलं हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. मला कधी कधी वाटतं मलाही कोणीतरी पकडून दिलंय, पण कोणी, ते उच्चारायचं नाही असंही त्याच शाळेत शिकवलंय. ह्यांनी वळलेला पातीचा क्रूस मी खोक्यात टाकत नाही तो त्यामुळेच. जाळून कपाळाला लावण्याइतकी माझी समजूत अजून पटलेली नाही.

यंदा राखेच्या बुधवारी चर्चमधून परतताना नाक्यावरच्या फळांच्या गाडीवर इस्माईलभाई भेटले. केस पांढरे झालेत, स्कूटर तीच. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"सुरू झाला का तुमचा सोयीचा उपवास?"

"झाला. तुमचे रोजे?"

"चंद्र दिसला तर उद्यापासून. यंदा तुमचा गुरुवार ईद होऊन गेल्यावर येतोय. मी बघितलं कॅलेंडरात."

त्यांनी गुरुवार बघून ठेवला होता. कलिंगडवाला वजन सांगत होता तिकडे मी लक्ष असल्यासारखं दाखवलं. ते खाली वाकून स्कूटरची पिशवी नीट करत होते, तेव्हा त्यांची नजर माझ्या चपलांवर गेली.

"बाई, टाचा बघा काय झाल्यात. रक्त येईल एखाद्या दिवशी. काहीतरी लावत जा."

"लावते," मी म्हटलं.

मार्टिनला मी हो म्हटलेलं नव्हतं. दोन-तीन दिवसांनी मीच फोन केला.

"येते मी. पण बारावी खुर्ची हवी."

तो गडबडला. "काकू, तिकडे पंखा लागत नाही. तुम्हाला पुढे बसवतो ना, पहिली देतो. ती तर... मुलं काय म्हणतात तुम्हाला माहितीये."

"माहिती आहे. ती देत असशील तर येते."

वज्री मोरीतल्या कोनाड्यात आहे, ह्यांनी ठेवली होती तिथेच. रोज अंघोळीला जाते तेव्हा ती दिसते. अजून गुरुवारला अवकाश आहे, ऊन वाढत चाललंय, टाचांच्या भेगा रुंदावताहेत आणि रस्त्यावरची धूळ त्यांत बसते आहे. मी ती काढलेली नाही, आणि काढणार नाही.